डोळे मिटले की पाय कुठे जातात?

दौलताबादचा किल्ला चढताना मध्येच अंधारी लागते. कड्याच्या पोटातून कोरलेली ही भुयारी वाट शत्रूला चकवण्यासाठीच केलेली. लहानमोठ्या पायऱ्या, अचानक येणारी वळणे, वटवाघळांचा वास आणि भर दुपारी काळोख. छत्रपती संभाजीनगरातल्या शाळांच्या सहली इथे येतात, मुले किंचाळत, एकमेकांचे शर्ट धरत का होईना, पार होतात. यातली एक गोष्ट मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या काळोखात पुढची पायरी कुठे आहे हे पायाने चाचपडावे लागते. आपला पाय कुठे आहे हे मात्र चाचपडावे लागत नाही. गुडघा किती वाकला, टाच टेकली की नाही, हात भिंतीपासून किती लांब आहे, हे सगळे डोळ्यांशिवाय ठाऊक असते.

शाळेत पाच ज्ञानेंद्रिये शिकवतात. या जाणिवेचा त्यांत समावेश नाही. चार्ल्स बेल या शल्यचिकित्सकाने १८२६ मध्ये 'स्नायूंची जाणीव' असे तिचे वर्णन केले होते. पुढे १९०६ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तिला 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिले. लॅटिनमधल्या 'स्वतःचे' या अर्थाच्या शब्दावरून. मराठीत तिला 'स्थितिसंवेदना' म्हणता येईल. शब्द थोडा जड आहे, पण ज्या गोष्टीला नावच नाही ती हरवली तर हरवली म्हणून सांगायची कशी, हा प्रश्न त्याहून जड आहे.

हा प्रश्न पुस्तकी नाही. घाटीच्या, म्हणजे १९५६ मध्ये सुरू झालेल्या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून रुग्ण येतात. 'माझी स्थितिसंवेदना गेली' असे कुणी म्हणत नाही. म्हणतात, 'गादीवर चालल्यागत वाटतंय.' 'पाय कुठं पडतोय तेच कळंना.' 'चप्पल पायातून कधी निसटली, पत्ताच लागत नाही. मागून कुणीतरी हाक मारून सांगतं.' ही चपलेची तक्रार फार मोलाची. ती ऐकली की जाणता डॉक्टर खुर्ची पुढे ओढतो आणि खणातून हातोडी काढतो.

या रबरी हातोडीबद्दल लोकांच्या मनात कुतूहल असते आणि थोडी थट्टाही. 'नुसतं गुडघ्यावर टकटक केलं आणि गोळ्या दिल्या.' पण तिची कथा रंजक आहे. लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरचे वडील खानावळ चालवत. पिंपात किती दारू उरली हे वरून टकटक करून कळते, हे त्याने लहानपणी पाहिले होते म्हणतात. तीच युक्ती त्याने रुग्णांच्या छातीवर वापरली आणि १७६१ मध्ये ती प्रसिद्ध केली. छाती वाजवून पाहण्यासाठी पुढे लहान हातोड्या निघाल्या. १८७५ मध्ये विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, स्वतंत्रपणे लिहिले की गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर ठोकले की पाय उडतो. दोघांचा अर्थ मात्र वेगळा होता. वेस्टफालला वाटले, स्नायूच थेट दचकतो. एर्बचे म्हणणे, संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येतो. एर्ब बरोबर होता.

घडते ते असे. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूत, त्याच्या तंतूंच्या बरोबरीने, काही मिलिमीटर लांबीच्या बारीक रचना असतात. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, अगदी चरख्याच्या चातीसारख्या. म्हणून त्यांना स्नायूंच्या चात्या म्हणायला हरकत नाही. चातीच्या मध्यभागी मज्जातंतूचे टोक गुंडाळलेले असते. कंडरेवर टक बसली की ती जराशी दबते, स्नायू किंचित ताणला जातो, चातीही ताणली जाते आणि तो मज्जातंतू संदेश धाडतो. शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी हा एक. सेकंदाला ऐंशी ते एकशेवीस मीटर असा त्याचा वेग सांगतात. कमरेतल्या मज्जारज्जूत तो थेट त्याच स्नायूला हलवणाऱ्या पेशीला भेटतो. मधे तिसरा कुणी नाही. सेकंदाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागात स्नायू आकसू लागतो. त्याच क्षणी मांडीच्या मागच्या स्नायूला 'तू सैल हो' असा उलटा निरोपही गेलेला असतो, नाहीतर दोघांची रस्सीखेच झाली असती. मेंदूला बातमी कळते, पण परवानगी त्याची कुणी मागितलेली नसते.

डॉक्टरांना तपासता यावे म्हणून निसर्गाने ही सोय केलेली नाही, हे उघड आहे. पंगतीत कुणी हातातल्या पेल्यात वरून पाणी ओततो तेव्हा पेला क्षणाक्षणाला जड होत जातो, पण खाली जात नाही. दंडाचा स्नायू किंचित ताणला गेला की चात्या कळवतात आणि हात तेवढाच जोर वाढवतो. लक्ष वाढणाऱ्याशी गप्पा मारण्यात असले तरी. धक्क्याधक्क्याने जाणाऱ्या एसटीत उभ्याने प्रवास करणारा माणूस तासभर हेच करत असतो.

चात्यांची आणखी एक गंमत आहे. त्यांचा ताण मेंदू वरून कमीजास्त करू शकतो, सतार लावावी तसा. जाधववाडीच्या मोंढ्यात हमाल भरलेले पोते म्हणून हात घालतो आणि पोते निघते रिकामे. हात झटक्यात वर जातो, कधी कधी कंबरही धरते. वजनाचा अंदाज आधीच पाठवलेला होता, चात्या त्यासाठी लावून ठेवलेल्या होत्या. अंधारात जिना उतरताना नसलेली शेवटची पायरी उतरायला गेलो की जो हादरा बसतो, तोही याच जातीचा.

गुडघा उडत नसेल तर डॉक्टर रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात. काहींना वाटते, लक्ष दुसरीकडे वळवण्याची ही युक्ती आहे. थोडी आहेही. पण वरचे अंग आवळले की मज्जारज्जूतल्या पेशी अधिक तत्पर होतात, हे खरे कारण. हंगेरीच्या अर्नो येन्द्रासिकने १८८५ मध्ये सांगितलेली ही खूण आजही जशीच्या तशी वापरतात.

स्नायू किती लांबला हे चाती सांगते. स्नायूवर ओढ किती आहे हे सांगणारी दुसरी यंत्रणा कंडरेत असते. तिला कामिल्लो गोल्गीचे नाव आहे. सांध्यांतून आणि त्वचेतूनही थोडी खबर मिळते. या सगळ्यांची गोळाबेरीज म्हणजे स्थितिसंवेदना. आणि ती फसवताही येते. डोळे बांधून कुणाच्या दंडाच्या कंडरेवर वेगाने थरथरणारे यंत्र धरले, तर चात्यांना वाटते स्नायू ताणला जातोय, आणि माणसाला आपला हात सरळ होत चालल्याचा भास होतो; हात जागचा हललेलाही नसतो. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी हे दाखवले, आणि सांध्यांमुळे नव्हे तर मुख्यतः स्नायूंमुळे आपल्याला हातपाय कुठे आहेत ते कळते, हा वाद बराचसा मिटला. यंत्राशिवाय घरी करून पाहण्याजोगा प्रयोगही आहे. दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही हातांच्या मागच्या बाजू चौकटीवर मिनिटभर जोरात दाबून धरायच्या. मग बाजूला होऊन हात सैल सोडायचे. ते आपोआप वर तरंगू लागतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, एकदा दाखवला की घरातले एकही दार रिकामे राहत नाही.

आता ही जाणीव पूर्णच गेली तर? इयन वॉटरमन या इंग्रज तरुणाच्या बाबतीत १९७१ मध्ये हे घडले. वय एकोणीस, काम खाटकाच्या दुकानात. तापासारखा आजार झाला आणि त्याच्या शरीराने मोठ्या मज्जातंतूंवर हल्ला केला. मानेखाली स्पर्श गेला, स्थितिसंवेदना गेली. स्नायूंची ताकद मात्र शाबूत होती. तो लुळा नव्हता. हात हलवायला गेला की हात भलतीकडे जात. पलंगावर उठून बसायला त्याला काही महिने लागले. पुढे तो पुन्हा चालू लागला, पण प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पाहून, मनात आखून. दिवे गेले की तो कोसळत असे. त्याच्यावर डॉ. जोनाथन कोल यांनी १९९१ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातून हा माणूस जगाला माहीत झाला.

याच्या नेमकी उलट गोष्ट पाहायची तर मुंबईत दादरला जावे. तिथल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात दृष्टिहीन मुलामुलींनाही मल्लखांब शिकवला जातो. डोळे नाहीत, पण खांबाला पायाची तिढी किती घट्ट बसली, डोके खाली की वर, हे अंगाला ठाऊक असते. ती मुले खांबावर उलटी लटकतात, आणि दोन्ही डोळे उत्तम असलेला माणूस बेसिनवर तोंड धुताना पडतो.

बेसिनचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण मराठवाड्यात हा आजार अशाच ठिकाणी उघडा पडतो. साठीच्या एका गृहस्थाची कल्पना करा. आयुष्यभर शाकाहारी, दूध म्हणजे चहात पडते तेवढेच. काही वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी, आणि ॲसिडिटीची एक गोळी कुणीतरी कधीतरी लिहून दिली ती अजून चालूच. आधी तळपायाला मुंग्या येतात. घरचे म्हणतात साखर वाढली असेल. मग चप्पल निसटू लागते. दिवसा चालायला फारसा त्रास नाही, कारण नजर जमिनीवर असते. पण सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल पुढे जातो आणि कपाळ नळावर आदळते. शेतकरी असेल तर त्याची गोष्ट रात्री घडते. शेताला वीज रात्रीच्या पाळीत येते, पाणी द्यायला बांधावरून जावे लागते, आणि बॅटरीचा उजेड पायाऐवजी पुढे पडलेला असतो. सकाळी लोक म्हणतात, चक्कर आली. चक्कर आलेली नसते. डोळे बंद झाले किंवा अंधार पडला, आणि पायांकडून येणारी खबर आधीच बंद होती.

ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर मेंदूकडे जाते. जीवनसत्त्व ब-१२ कमी पडले की नेमक्या याच तारांवरचे आवरण विरू लागते. तारा लांब असतील तेवढी झळ आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. सोबत हालचालीचे आदेश खाली नेणाऱ्या बाजूच्या तारांनाही इजा होते. या आजाराचे सविस्तर वर्णन रसेल, बॅटन आणि कॉलियर यांनी लंडनमध्ये १९०० साली केले. कारण कळायला पुढे जवळपास अर्धे शतक जावे लागले. ब-१२ वेगळे काढले गेले ते १९४८ मध्ये.

त्या कोड्याचा एक तुकडा मुंबईत सापडला. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गर्भवती गिरणी कामगार स्त्रियांमधल्या जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास करायला इथे आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केले. या बायकांचे रक्त यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने सुधारते, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गर्भवतीला आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गोळीत तो असतो. पण या शोधाला एक काटाही आहे. चाळीसच्या दशकात ब-१२ च्या कमतरतेच्या रुग्णांना नुसते फॉलिक ॲसिड देऊन पाहिले गेले. रक्त सुधारले, चेहरे लाल झाले आणि मज्जारज्जूचा ऱ्हास मात्र आतल्या आत चालूच राहिला. म्हणून रक्तवाढीची गोळी घेऊन हिमोग्लोबिन चांगले झाले, एवढ्यावर पायांच्या मुंग्यांचा विषय बंद करू नये. १९८८ मध्ये अमेरिकेत लिंडेनबाम आणि सहकाऱ्यांनी ब-१२ अभावी मेंदू-मज्जातंतूंचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ४० जणांना ना रक्तक्षय होता, ना रक्तपेशी मोठ्या झाल्या होत्या. रक्ताचा साधा अहवाल निर्दोष असूनही पाय अंधारात जाऊ शकतात, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे हे दुर्मीळ म्हणावे तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी तसे म्हणू देत नाही. गाव, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तर ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी. आणि सर्वांत जास्त प्रमाण कुठे? शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. ज्यांच्या घरी फ्रिज, फळे आणि डॉक्टरचा फोन नंबर सगळे असते, तिथे. रक्तात कमी असलेल्या प्रत्येकाचे पाय लुळावतात असे नाही, बहुतेकांना काहीच होत नाही. पण एवढ्या मोठ्या घोळक्यातून थोडे जरी त्या टोकाला पोचले, तरी संख्या लहान राहत नाही.

ब-१२ वनस्पतीत नसते. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून येते. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो. म्हणून तुटवडा सावकाश येतो आणि आला तेव्हाची तारीख कुणाला सांगता येत नाही. म्हातारपणी जठरातले आम्ल कमी झाले, आतड्याची शस्त्रक्रिया झाली, मेटफॉर्मिन किंवा आम्ल दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे चालल्या, तर खाल्लेलेही नीट शोषले जात नाही. या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. फक्त डॉक्टरांना ब-१२ तपासायची आठवण करून द्यायची.

तपासणीत मौज अशी की महागडे यंत्र नंतर लागते. आधी डॉक्टर पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरतात, रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि अंगठा जरासा वर किंवा खाली करून विचारतात, 'कुठे गेला?' निरोगी माणसाला एवढा सोपा प्रश्न विचारल्याबद्दल हसू येते. आजारी माणूस गोंधळतो, अंदाजाने 'वर' म्हणतो. मग थरथरणारा काटा, सेकंदाला १२८ वेळा कंप पावणारा, घोट्याच्या हाडावर. मग दोन्ही पाय जोडून उभे राहणे, आधी डोळे उघडे, नंतर मिटून. बर्लिनच्या मोरित्झ रोम्बर्गने १८४० च्या दशकात लिहून ठेवलेली ही खूण आहे. डोळे उघडे असतानाच झोकांड्या जात असतील तर दोष बहुधा लहान मेंदूत. मिटल्यावरच जात असतील तर पायांकडून येणाऱ्या तारांत किंवा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागात. घरी करून पाहायची हौस असेल तर शेजारी धरायला माणूस हवाच, आणि भिंतीजवळ. अशा प्रयोगात पडून खुबा मोडून घेण्यासारखा वाईट विनोद नाही.

शेवटी हातोडी. ब-१२ च्या आजारात तिची उत्तरे चमत्कारिक येतात. घोट्यामागची कंडर ठोकली तर पाऊल गप्प, कारण लांब मज्जातंतू गेलेला. गुडघा मात्र नेहमीपेक्षा जोरात उडतो, कारण वरून लगाम घालणाऱ्या तारा दुखावलेल्या. आणि तळव्यावरून किल्लीसारख्या बोथट टोकाने रेघ ओढली की अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला जातो. ही शेवटची खूण जोसेफ बाबिन्स्कीने १८९६ मध्ये पॅरिसमध्ये जेमतेम एका पानाच्या टिपणात मांडली. तान्ह्या मुलात ती नैसर्गिक असते. मोठ्या माणसात मात्र मेंदू किंवा मज्जारज्जूच्या इजेची. गप्प घोटा, चढलेला गुडघा आणि उलटा अंगठा हे तिन्ही एकाच पायात सापडले की अनुभवी डॉक्टर रक्ताचा अहवाल येण्याआधीच ब-१२ चा संशय घेतो.

हातोडीला उत्तर न मिळणे कधी कधी याहून घाईचे असते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियान-बारे आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक येऊ लागले. पुढच्या काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काहींच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. जुलाब होऊन जातात, आठ-पंधरा दिवसांनी पायांतली शक्ती जाऊ लागते आणि गुडघा-घोट्याचे झटके नाहीसे होतात. १९१६ मध्ये गियान, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये हेच पाहिले होते. तासातासाला वर चढणारी अशक्तता असेल तर ते दुखणे अंगावर काढायचे नाही. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचण्याआधी रुग्ण मोठ्या रुग्णालयात हवा.

इतकी जुनी जाणीव, पण चाती ताणली गेल्यावर तिच्यात वीज नेमकी कशी उठते हे कळले ते आत्ता, या शतकात. पेशीच्या पडद्यात 'पिएझो-२' नावाचे प्रथिन असते. पडदा ताणला की त्याचे दार उघडते. आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये या प्रथिनांचा शोध लावला आणि २०२१ चे नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळाले. २०१६ मध्ये अमेरिकेत असे दोन रुग्ण वर्णिले गेले, ज्यांच्यात जन्मापासून हे प्रथिन कामच करत नव्हते. डोळ्यांवर पट्टी बांधली की त्यांना चालता येत नसे, आणि हात वर नेला की खाली हेही सांगता येत नसे. सर्दीत वास गेला, म्हातारपणी ऐकू कमी आले, तर लगेच कळते. इथे मात्र ही माणसे त्याच्याशिवायच वाढली होती.

उपचार साधा आहे, उशीर मात्र महाग पडतो. कारण शोषणाचे असो वा आहाराचे, मज्जारज्जूला इजा झाली असेल तर सुरुवातीला इंजेक्शनेच द्यावी लागतात, नंतर टप्प्याटप्प्याने अंतर वाढवतात. ते औषध लाल असते; ब-१२ च्या रेणूत कोबाल्ट आहे, रंग त्याचा. आपल्याकडे 'ताकदीचे लाल इंजेक्शन' अंगदुखीपासून परीक्षेच्या ताणापर्यंत कशावरही घेतले जाते. त्याने सहसा अपाय होत नाही, पण एक घोटाळा होतो. तपासणीच्या आधीच दोन इंजेक्शने टोचून झाली की रक्तातली पातळी फुगलेली दिसते आणि खरी कमतरता झाकली जाते. आधी रक्त द्यावे, मग सुई घ्यावी. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त होते, वर्षभर थोडीथोडी होत राहते. त्रास सुरू होऊन काही आठवडेच झाले असतील तर बहुतेक सगळे परत मिळते. दोन-तीन वर्षे झाली असतील तर जे गेले त्यातले बरेच गेलेले असते. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूने काठावरची कमतरता एकदम उघड होऊ शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी मुंग्यांची तक्रार भूलतज्ज्ञाला जरूर सांगावी.

औषध काम करेपर्यंत पडायचे नाही, एवढीच घरच्यांची जबाबदारी. न्हाणीघरात आणि तिकडे जायच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. बेसिनजवळ प्लास्टिकची खुर्ची, तोंड बसून धुवायचे. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली. रात्री शेतात जायचेच असेल तर बॅटरीचा झोत पायापाशी, आणि हातात काठी. काठीचे टोक जमिनीला लागले की मनगटातल्या चात्या ती खबर वर पाठवतात, पायांनी पाठवायची ती. मधुमेह असेल तर ही काळजी ब-१२ सुधारल्यावरही सुटत नाही, कारण साखरही त्याच लांब तारा पोखरते. पाय बधिर असले की रोज रात्री तळवे हाताने चाचपून आणि आरशात पाहून घ्यावेत. रुतलेला काटा कळलेला नसतो.

चार-सहा महिन्यांनी रुग्ण पुन्हा येतो. काठी हातात असते, पण दाराशी उभा राहून चपला काढताना तो आता खाली पाहत नाही. डॉक्टर काटा तळहातावर आपटतात, तो गुणगुणू लागला की घोट्याच्या हाडावर टेकवतात आणि विचारतात, 'काही कळतंय?' रुग्ण डोळे मिटतो, क्षणभर थांबतो.

'हां. वाजतंय. पण अंगठ्यात अजून नाही.'

कागदावर तेवढे लिहिले जाते, आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख.